वेणूसाठी गोटा

वैशाखातल्या एका मंगळवारी चिमणने डोक्याचा गोटा करून घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तर अंगणात जाळं सांधता सांधता मनात आलं, हातातली सुई खाली ठेवली आणि मोटरसायकलला किक मारली. (चिमणने आयुष्यात विचार न करता केलेल्या गोष्टींत ही चौथी. पहिल्या तीन इथे सांगण्यासारख्या नाहीत.) केस काय, आज काढले तर महिन्याभरात उगवतात, असा त्याचा हिशेब. त्या एका हिशेबापायी वाढवण गावच्या सगळ्या होड्या दुपारी किनाऱ्यालाच राहिल्या आणि एका बाईला स्वतःच्या नावाचं रडं स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं.

बाई म्हणजे वेणू, चिमणची बायको. डहाणूच्या बाजारात पंचवीस वर्षं मासळी विकलेली. तिचे केस असे, की न्हाऊन सोडून बसली की मांजर एका बाजूने आत शिरायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. बाजारात बसताना भलामोठा अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा. गिऱ्हाईक आधी अंबाडा बघायचं, मग पापलेट.

दिवाळीत छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मग अंबाडा बांधायचं काम चिमणकडे आलं. त्याला गाठ येत होती एकच, जाळ्याची. तीच बांधली. ही गाठ पाण्यात सुटत नाही, वाऱ्यात सुटत नाही, आणि झोपायच्या वेळी वेणूलाही सुटेना. एक तास लागला. वेणू चिडली नाही. म्हणाली, "असू दे. कशानेच सुटायची नाही, ही बरी."

दुसऱ्या किमोनंतर एका सकाळी तो असाच गाठ सोडवत बसला होता. गाठ सुटली नाही, केस सुटले. अख्खा अंबाडा त्याच्या ओंजळीत आला. गाठ जशीच्या तशी.

मग वेणू म्हणाली, खाडीत टाकून या. चिमण गेला, आला. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

त्या दिवसापासून घराचं पुढचं दार बंद झालं. मुंबईला जायचं ते पहाटे, डोक्यावरून पदर ओढून, मागच्या दाराने रिक्षात. यायचं ते अंधार पडल्यावर. गावाला कळायचंच नाही बाई घरात आहे की हॉस्पिटलात. मुलगी किंजल वापीला कंपनीत होती, तिने तिकडून एक विग आणला. वेणूने तो एक दिवस घातला, धुतला आणि बोंबील वाळवायच्या वलांडीवर बोंबलांच्या रांगेतच टांगला. घारीने बोंबील सोडले आणि विग उचलला. (घोलवडच्या एका चिकूवाडीत त्या विगात कावळ्याने दोन वेळा पिलं काढली, असं तिथला राखणदार शपथेवर सांगतो. तो पीत असतो, पण शपथ सकाळची होती.)

शिमग्याला शेवटची किमो झाली. डॉक्टर म्हणाले, आता केस येतील, फिरा, धंदा करा. डोक्यावर हळूहळू कोवळी लव दिसायला लागली. पण वेणू उंबरा ओलांडेना. चिमणने समजावलं तेव्हा म्हणाली, केसांचं नाही काही. परवा मागच्या दारी एक ओळखीचं गिऱ्हाईक सुकट घ्यायला आलं. "मी सांगितला तो भाव देऊन गेलं. एक शब्द बोललं नाही. जिवंत माणसाशी असं कोण वागतं?"

शिवाय तिची बाजारातली जागा तिच्या शेजारच्या सुषमाने घेतली असणार, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. सुषमाचं आणि तिचं एका वीतभर जागेवरून बारा वर्षं भांडण. बोलणं बंद, शिव्या चालू. मग बाजारात जायचं कशाला?

असे दिवस चालले असताना चिमणला तो माणूस आठवला. मुंबईच्या हॉस्पिटलात त्यांच्या समोरच्या बाकावर एक नवराबायको बसलेली, दोघांच्या डोक्याचा गोटा. नवऱ्याने बायकोसाठी करून घेतलेला. आणि ती बाई त्याच्याकडे बघून हसत होती. वेणू दिवाळीपासून हसली नव्हती. चिमणने सुई खाली ठेवली ती याच्यामुळे.

डहाणू स्टेशनजवळ रविंद्र न्हाव्याचं दुकान. रविंद्र असा बोलका, की गिऱ्हाईकाची दाढी एका बाजूने होईस्तोवर दुसऱ्या बाजूची वाढायला लागते. त्याने टॉवेल बांधत विचारलं, "गोटा? काय नवस-बिवस, चिमणभाई?"

"नवस नाही रे. बायकोसाठी," चिमण म्हणाला, आणि नेमके टॉवेलाच्या टोकाने डोळे पुसले.

रविंद्रचा हात थांबला. त्याने रेडिओ बंद केला. बाकावरच्या माणसाने पेपर घडी करून ठेवला. पुढे कोणी काही विचारलं नाही. (शहाणी माणसं अशा वेळी विचारत नाहीत, आणि जगातले मोठे घोटाळे शहाण्या माणसांमुळेच होतात.) चिमणने डोळे मिटून घेतले. त्याला वेणूचं हसू दिसत होतं. डोळे उघडले तेव्हा डोकं साफ, मिशीही साफ, आणि मागे रीतीप्रमाणे शेंडी ठेवलेली. ती त्याला दिसली नाही, कारण मागचा आरसा कोणी दाखवला नाही. मिशीचं विचारावं तर रविंद्र हात जोडून उभा. पैसे घेईना. म्हणाला, धीर धरा, पोरीकडे बघा. चिमणला भरून आलं. सहा महिने झाले तरी माणसं वेणूच्या आजाराची चौकशी करतात, किती चांगली माणसं!

तो चिंचेखाली ताडगोळे घ्यायला थांबला. वेणूला आवडतात म्हणून दोन डझन, कोवळे निवडून, एकेक दाबून. तेवढ्या वेळात रविंद्रचा फोन वाढवणला पोचला होता.

गावाने बसल्या जागी सगळं लावून टाकलं. बाई मुंबईलाच गेली. एवढं आजारपण, तिथेच अग्नी दिला असणार, म्हणून तर गोटा केला. चेहरासुद्धा दाखवला नाही गावाला, चिमण असा निघेल वाटलं नव्हतं. होड्या सुटायच्या होत्या, त्या थांबल्या. गावात कुणी गेलं की त्या दिवशी होडी जात नाही. चिमणच्या होडीवरचा खलाशी जिव्या बर्फ भरत होता, त्याने बर्फ तसाच वितळू दिला आणि तलासरीला आपल्या माणसांना कळवलं. बायकांनी भाताचं पातेलं चढवलं, कारण त्या घरची चूल आज पेटणार नाही. बंदराविरुद्धच्या मोर्चाला जमली नसतील एवढी माणसं चिमणच्या अंगणात जमली. पुढचं दार बंद होतं, पण ते चार महिने बंदच होतं. कोणी कडी वाजवली नाही.

चिमण वळणावर आला आणि त्याने आधी होड्या बघितल्या. भरती असून एकही पाण्यात नव्हती. मग अंगणातल्या बायका दिसल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या.

गाडी स्टँडला लावायचं राहिलं, ती पडली. ताडगोळे वाळूत गडगडले. दोन तासांपूर्वी तिला गोळी देऊन, अंगावर चादर घालून तो जाळं सांधायला बसला होता, तिथूनच निघाला होता. गोटा करायला गेला होता. गंमत करायला.

जिव्याने त्याला धरून खाली बसवलं. चिमणच्या तोंडातून कसंबसं निघालं, "कधी?"

"अर्धा तास झाला," जिव्या म्हणाला. त्याला वाटलं, माणसं कधी जमली ते विचारतोय.

चिमणने हंबरडा फोडला. तो इतका खरा होता, की कुणाच्या मनात शंका असलीच तर ती तिथे संपली. लहानथोर सगळे रडायला लागले. जे सहा महिने दारापर्यंत आले नव्हते ते जास्त रडले. आणि चिमण गुडघ्यात डोकं घालून बडबडायला लागला. केस मी टाकले नाहीत, म्हणाला. खाडीपर्यंत गेलो, हात सुटला नाही. होडीवर इंजिनाशेजारी बिस्किटाच्या डब्यात आहेत, गाठीसकट. रोज झाकण उघडून बघतो. तिला सांगायचं राहिलं.

मग सुषमाने गळा काढला. आमच्याकडे गेलेल्या माणसाशी बोलत रडतात, आणि तिच्याकडे तर बारा वर्षांचं साठलं होतं. "अगं वैरिणी, कुणाशी भांडू गं आता? सहा महिने तुझ्या जागेवर तुझी मासळीची पाटी पालथी ठेवते गं, रोज पाणी मारून. कुणाला बसू दिलं नाही. गंजाडची भाजीवाली बसली तर तिला उठवली. कुणासाठी राखू गं आता?"

दाराची कडी आतून निघाली.

आत काय झालं ते नंतर कळलं. वापीला किंजलला बातमी पोचली होती. बापाचा फोन लागेना. पोरगी रडत रडत सवयीने आईलाच फोन लावून बसली. दुःखाची गोष्ट माणूस आधी आईलाच सांगतं. वेणू गोळीच्या गुंगीतून उठली, फोन घेतला. "आई," किंजल म्हणाली, "आई गेली."

"कुणाची?"

"आपली."

वेणू म्हणाली, थांब, बघून सांगते. आणि दाराशी येऊन उभी राहिली. बिस्किटाचा डबा तिने ऐकला. पालथी पाटी तिने ऐकली. त्यानंतर डोक्यावर पदर घ्यायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

चार महिन्यांनी उघडलेल्या त्या दारात ती उभी होती. उन्हात डोक्यावरची लव चमकत होती, नुकत्या रुजलेल्या भातासारखी. जिव्या भूत समजून किनाऱ्याच्या दिशेने पळाला, तो थेट होडीत जाऊन बसला.

वेणूने सुषमाकडे बघितलं. "सहा महिने रोज पाणी मारलंस? कुजवलीस ना माझी पाटी?"

सुषमाचा आ तसाच राहिला. मग तो मिटला, आणि बारा वर्षांची सवय कामाला आली. "आधीच कुजकी होती ती," ती म्हणाली, आणि वेणूच्या गळ्यात पडून आधीपेक्षा मोठ्याने रडायला लागली.

चिमण वाळूतच बसून होता. वेणू त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला, तोच उजवा, जो खांद्याच्या वर जात नव्हता. चिमण जमिनीवर बसलेला, म्हणून तो वर न्यावा लागला नाही. सरळ डोक्यावर पोचला. गुळगुळीत डोक्यावरून तो फिरला, मागे शेंडीपाशी थांबला. आता ती हसेल, असं चिमणला वाटलं. याच्यासाठीच तर सगळं केलं होतं.

ती हसली नाही. तिला रडू फुटलं. केस गेले तेव्हाही ती रडली नव्हती. चिमणही तिच्या पायांना धरून रडला आणि भोवतालचं गाव कुठे बघावं ते न कळून ताडगोळे वेचायला लागलं.

"मिशी कशाला काढलीत?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

शिजलेला भात फुकट घालवायचा नाही म्हणून सगळे तिथेच जेवले. तलासरीहून जिव्याची माणसं जीप भरून पोचली, त्यांना गेलेल्या बाईनेच वाढलं. त्यातल्या दोघांनी मान खाली घालून जेवण केलं आणि तिच्या पायांकडे तेवढं निरखून बघून घेतलं. गावातला एक म्हातारा हात धुताना म्हणाला, आज होड्या एकदा बसल्या, आता खरी गेली तर बसणार नाहीत, तिला तसं सांगून ठेवा. वेणू म्हणाली, "माझी घाई नाही."

गुरुवारी ती बाजारात गेली. कुजकी पाटी सुलटी केली आणि बसली, उघड्या डोक्याने. पहिल्याच गिऱ्हाईकाला सुषमाने बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मग त्या बाईने बोंबलांच्या एका वाट्यावरून पंधरा मिनिटं हुज्जत घातली. संध्याकाळी वेणू घरी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता.

नवरात्रात पहिली मोठी तपासणी होती. तोवर वेणूला केस आले होते, दाट आणि कुरळे, आधी कधी नव्हते तसे. तिने त्यात अबोलीचा गजरा माळला होता. चिमणला मात्र आले नाहीत. मिशी आली, तीही पांढरी. (पन्नाशीचं डोकं एकदा रिकामं केलं की केस विचार करून परत येतात, आणि विचार केला की कोण येतं?) रिपोर्ट यायचा होता. दोघं हॉस्पिटलातल्या त्याच बाकावर बसली होती. चिमणचा चेहरा पांढरा पडला होता.

नवीन आलेली एक सिस्टर त्याच्यासमोर वाकली. त्याच्या डोक्याकडे बघून अगदी मायेने म्हणाली, "काका, कितवी किमो? घाबरायचं नाही. केस येतात परत. या मावशींचे बघा कसे छान आलेत."

चिमणने तोंड उघडलं. वेणूने त्याच्या हातावर हात ठेवला.

"मी रोज हेच सांगते त्यांना," ती सिस्टरला म्हणाली. "पण धीरच धरत नाहीत." आणि दिवाळीपासून अडकलेलं हसू तिला तिथे, त्या बाकावर, असं फुटलं की फाइल खाली पडली.

सिस्टरने व्हीलचेअर आणली. चिमण बसला. तिचं हसू थांबायला नको होतं.