हिवाळी खेळांत चिखल शिरला त्याची हकीकत

जगास प्रदक्षिणा घालण्याची पैज लागली असता भाऊ मोरावर बसोन निघाला आणि आपण घरीच आईबापांभोवती एक फेरी मारोन पहिले आले, त्या श्रीगजाननास आधी दंडवत. शर्यतीचे खरे शास्त्र त्यांसच ठाऊक. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबीनाम संवत्सर, पौष मासी आमच्या राज्याने परमुलखात जो पराक्रम केला तो पुढील पिढ्यांस कळावा, आणि आपण जन्मास उशिरा आलो याचे त्यांस फार वाईट न वाटावे, म्हणोन ही हकीकत लिहिली असे.

तर उत्तरेस हिमाधीशांचा मुलूख. तेथे दर चौथे वर्षी बावन्न राज्ये जमतात आणि हिवाळी खेळ होतात. बर्फावरोन घसरणे, बर्फावरोन उडणे, घसरगाडीत बसोन डोळे मिटणे, ऐसे एकाहून एक शूर खेळ. आमच्या राज्यात बर्फ नाही. तथापि महाराज दर खेपेस लवाजम्यासह जात, मेजवानीस पहिल्या पंगतीत बसत आणि रित्या गळ्याने परत येत. बाकीचे राजे घसरोन तरी हरतात, आम्ही बसल्या जागी हरतो, याचे शल्य महाराजांस फार होते, आणि जेवण झाल्यावर ते विशेष उचंबळे. मग एके दिवशी स्वारी शिकारीस निघाली असता, ओढा, काटवण, नांगरट काही न पाहता एक बाई महाराजांच्या घोड्यापुढोन पळत गेली आणि घोडा मागे राहिला. शिपायांनी तीस धरोन आणिले. तिचे नाव ठकूबाई कोकरे, जातीची धनगर, मेंढरे पांगली म्हणोन वळावयास निघालेली. महाराजांनी विचारिले की हा कोणता खेळ? ती बोलली की खेळ कसला, बिगीबिगी सोडा, लांडगा हाय. परंतु महाराजांची दृष्टी दूरवरची. त्यांनी तेथेच ठरविले की हा खेळच आहे, यास रानधाव म्हणावे, हिवाळी खेळांत दाखल करवावे, आणि बाईने धावोन राज्यास पदक आणावे. मग मर्जी सुप्रसन्न होऊन विचारिले की काय इनाम पाहिजे? बाईने जमीन मागितली नाही, कडे मागितले नाही. म्हणाली, "समद्यांम्होरं माझ्या नावाचा पुकारा करा. सरकारात आमास्नी कुनी नावानं हाक मारत न्हाई. ए धनगरणी, म्हनत्यात." महाराजांनी वचन दिले. वचनास खर्च काही लागत नाही, म्हणोन आमच्या दरबारी त्याची कधी टंचाई पडली नाही.

मग हिमाधीशांकडे वकील रवाना केला. त्यांनी उलट सांगोन पाठविले की जे बर्फावर होते तेच हिवाळी, चिखलात पळणे हा खेळ नव्हे, तो अपघात आहे. तेव्हा धुंडिराजशास्त्री पुढे सरसावले. शास्त्रीबोवा उभ्या जन्मात देवळापासोन घरापर्यंतदेखील चालले नाहीत, मेण्यातोन जात. सबब धावण्याच्या विषयात त्यांचाच अधिकार मोठा. त्यांनी सांगितले की हिवाळा हा शब्द हिव यापासोन, बर्फ यापासोन असता तर बर्फाळा म्हटले असते. म्हणजे ज्या खेळात हिव भरते तो हिवाळी खेळ, आणि पौषात पहाटे चिखलात पळोन ज्यास हिव भरणार नाही तो मनुष्य कोणता? सभेने वाहवा केली आणि हा जबाब घेऊन दुभाष्यास पाठविले. आता हिव म्हणजे थंडी, आणि हिव म्हणजे तापाची हुडहुडीदेखील. दुभाषा तर कोकणातोन हिवताप घेऊन आलेला, त्यास थंडीचा अर्थ कोठोन सुचावा? त्याने हिमाधीशांस समजाविले की आमच्याकडील तापकरी लोक कापत कापत रानोमाळ पळतात, त्या गरिबांसही खेळांत जागा द्यावी. ते ऐकोन हिमाधीशांचे हृदय द्रवले, जे त्या मुलखी उन्हाळ्यातही सहसा द्रवत नाही. त्यांनी रानधाव मंजूर केली आणि एक कलम जोडिले की, धाव निघण्याआधी वैद्य प्रत्येकास हात लावोन पाहील, जो हिवाने कापेल तोच धावेल, धडधाकट माणसाने या शर्यतीत शिरू नये. हे कलम दरबारात मोठ्याने वाचिले. परंतु हत्तीवरोन साखर वाटणे चालले होते, त्या गलबल्यात कोण ऐकतो?

मग सर्व मंडळी हिमाधीशांच्या मुलखी दाखल जाहली. धावेचे रान पाहोन ठकूबाईचा जीव हरखला. खाचरे, दलदल, चढ, उतार, सारे घरच्यासारखेच. बावन्न राज्यांचे धावक रांगेत उभे राहिले. वैद्य एकेकास हात लावीत चालला. सगळे कापत होते, सगळे पास जाहले. ठकूबाईने घोंगडी बाजूस टाकिली आणि ताठ उभी राहिली. जिचा जन्म माळावर उघड्यात निजण्यात गेला, तीस थंडी कसली वाजते? वैद्याने हात लाविला, पुन्हा लाविला आणि मान हलविली. बाई निरोगी, सबब नालायक. महाराज हळूच म्हणाले, "ठकू, राज्यासाठी थोडे काप." तिने मनापासोन खटपट केली, परंतु ते कापणे नव्हते, डुलणे जाहले. तिचे डोळे भरोन आले. इकडे महाराज सात शाली पांघरोन बसले होते, आणि त्यांचे दात ऐसे वाजत होते की वाजंत्र्यांनी ताल तोच धरिला होता. वैद्य तो आवाज ऐकोन वळला, महाराजांच्या अंगास हात लाविला आणि प्रसन्न होऊन बोलला की ऐसे उत्तम हिव आपण आजवर पाहिले नाही, या राज्याकडोन हेच धावतील. महाराजांनी शास्त्रीबोवांकडे पाहिले. शास्त्रीबोवा म्हणाले की शास्त्रास धरोनच आहे. बावन्न राज्ये पाहत असता नाही म्हणणे राजास शोभेना. मग शाली उतरल्या, शिंग वाजले आणि महाराज धावले.

पहिल्याच खाचरापर्यंत धावले. तेथे तोंडावर आपटोन कमरेइतके रुतले. बाकीचे धावक पुढे निघोन गेले. आमचे मानकरी काठावर जमले, परंतु राजदेहास परवानगीवाचोन हात कोणी लावावा? परवानगी मागावी तर महाराजांच्या मुखात चिखल. ऐसा पेच पडला असता ठकूबाईने उडी टाकिली, महाराजांस उपसोन खांद्यावर घेतले आणि वर चढली. महाराजांचा तंबू मागे होता आणि रान पुढे होते. बाईने एकवार मागे पाहिले आणि पुढे पळत सुटली. काय ते पळणे! खाचरे गेली, चढ गेला, एकेक धावक मागे पडत चालला, आणि महाराज वरोन अखंड ओरडत होते, "ठकू, सावकाश! ठकू, सावकाश!" राजाज्ञा मोडण्याचा इतका सुंदर प्रकार लेखकाने दुसरा पाहिला नाही. ठकूबाई सर्वांआधी पोहोचली आणि महाराजांस शेवटच्या दोरीपलीकडे अलगद उतरविले.

मग वाद पडला की हे धावणे कोणाचे? हिमाधीशांनी मसलत केली आणि निकाल दिला की, आमच्या घसरगाडीत ढकलतात एक आणि बसतो दुसरा, पदक बसतो त्याचेच, येथेही तोच न्याय. पदक महाराजांच्या गळ्यात पडले. चोपदाराने बिरुदांसह महाराजांच्या नावाचा पुकारा केला, तो इतका लांबला की पाहुणे बसोन घेते जाहले. वचनाची आठवण कोणी दिली नाही आणि महाराजांसही जाहली नाही. दप्तरी नोंद करण्याचा हुकूम मजला आला, "धावक महाराज खासे, वाहन ठकूबाई." मी शरमेने तीस ते सांगितले. बाई पायाचा चिखल खरवडत बसली होती. मान वर न करिता बोलली, "मेंढरू खांद्यावर घिऊन म्या लई डोंगर उतरलेय, बाबा. पन खाली ठिवल्यावर कुठलंबी मेंढरू म्हनालं न्हाई, मी पळालो."

इतक्यात मागे पडलेले धावक एकेक करोन चिखलाने माखलेले येऊन पोहोचले. पदक कोणाच्या गळ्यात आहे तिकडे एकानेही पाहिले नाही. सगळे ठकूबाईभोवती जमले. त्यांस आमची भाषा येत नव्हती. बाईचे नाव तेवढे त्यांनी वाटेत वारंवार ऐकिले होते. मग बावन्न राज्यांच्या समक्ष त्या सर्वांनी हात उंचावोन एकच पुकारा केला की, ठकू सावकाश, ठकू सावकाश! ठकूबाईने घोंगडीत तोंड लपविले आणि हसली, आणि रडलीही. मजलाही ते समयी पुढे काही लिहवेना.

तात्पर्य, रानधाव खेळांत कायम जाहली, महाराजांचे पदक देवघरात ठेविले, शास्त्रीबोवांस नवा मेणा मिळाला. आणि परमुलखांत जो कोणी वाऱ्यासारखा पळतो, त्यास तेथील लोक अद्यापि मोठ्या आदराने सावकाश म्हणतात.