किनाऱ्यावर जनावर बांधू नये

विश्रांती ही एकट्याने घेण्याची गोष्ट नव्हे. ती सबंध कुटुंबाने मिळून घ्यावी आणि तिची तयारी एका बाईने करावी, हे सर्वमान्य तत्त्व आहे. साखऱ्याच्या मसाजींचे शेळ्या-मेंढ्या पाळणारे कुटुंब या तत्त्वाला अपवाद नाही.

खडकदरीच्या तलावावर यंदा साहसी जलक्रीडा केंद्र सुरू झाले. (साहस म्हणजे एक मोटरबोट, हवा भरलेले एक लांबुडके केळे आणि तिथले स्वच्छतागृह.) घरातल्या सगळ्यांना एक दिवस आराम मिळावा, असे मसाजींनी ठरवले. त्यानुसार त्यांच्या पत्नी बनाबाई कोंबड्याच्या आधी उठल्या आणि त्यांनी तीस भाकरी थापल्या. कळप शेजारच्या मुंजाजीकडे सोपवला. एका शेळीचा पाय मुरगळला होता, तिला मात्र जीपमध्ये घेतले. लंगडे जनावर मागे टाकून जाणारा माणूस मसाजींच्या सात पिढ्यांत झालेला नाही. गुडघा बनाबाईंचाही सुजला होता. पण त्या मुके जनावर नसल्याने तो विषय निघाला नाही.

बोटीत जागा सहा. मसाजी, मुलगा बजरंग, सून रागिणी, दोन नातवंडे आणि बनाबाई, असा हिशेब चोख बसत होता. बोटवाल्या धर्मसिंगने हात दिला आणि बनाबाईंनी एक पाय बोटीत ठेवला. तेवढ्यात शेळी ओरडली.

केंद्राच्या फलकावर स्पष्ट लिहिले होते: किनाऱ्यावर जनावर बांधू नये. चपला व मोबाईल स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावेत. लाईफ जॅकेटशिवाय बोटीत बसू नये.

कायदा पाळणाऱ्या कुटुंबापुढे दुसरा मार्गच नव्हता. जनावर किनाऱ्यावर बांधता येत नाही. बोटीत नेऊ नये, असे कुठे लिहिलेले नाही. सबब शेळी बोटीत. चपला स्वतःच्या जबाबदारीवर. या घरात जबाबदारी म्हणजे बनाबाई. सबब बनाबाई किनाऱ्यावर.

"मलाबी बसायचंय," बनाबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून पाण्याकडं गेले ते धुणं घेऊनच. एकडाव बसू द्या की."

बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी काही मागण्याची ही पहिली वेळ. तेवढ्यात शेळी पुन्हा ओरडली.

"मुकं जनावर हाय, तकलीफ होईल त्याला," मसाजी कळवळून म्हणाले. "तू दुसऱ्या फेरीला बस. न्हाई कोन म्हनतंय?"

शेळीला लाईफ जॅकेट व्यवस्थित बसले. बजरंगने आपला मोबाईल आईच्या हातात दिला. "माय, हे लाल बटन दाब अन् आमच्याकडं धरून बस."

बोट गेली. बनाबाईंच्या ताब्यात पाच जोड चपला, तीन मोबाईल आणि भाकरीचे गाठोडे होते. त्यांना वाईट वाटले. फार वाईट वाटले. तरी एका हाताने मोबाईल धरून दुसऱ्या हाताने त्या नातवंडांना टाटा करत राहिल्या, बोट पार ठिपका होईपर्यंत.

परत आल्यावर सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. (साहसाने भूक वाढते, हे सिद्ध झालेले आहे.) सगळ्यांना वाढून हात धुऊन बनाबाई बोटीकडे गेल्या, तेव्हा धर्मसिंग इंजिनावर ताडपत्री टाकत होता.

"मावशी, वारं सुटलं. आज बंद."

"पुढच्या वर्षी बराबर," मसाजींनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे शब्द; वर्ष कोणते, एवढाच प्रश्न.

लाईफ जॅकेट घातलेल्या शेळीचा तो व्हिडिओ पुढे फार चालला. एक्केचाळीस हजार लोकांनी पाहिला. दोनशे सहा जणांनी शेळीचे नाव विचारले. एकाने तेवढी तक्रार केली: 'शूटिंग करणाऱ्याचा हात काहून हलून राहिला?' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आहे. नीट बघा, त्यात तुमचाही एक आहे.