विभाग घाट उतरतो

स्वायत्त प्रणाली अभियांत्रिकी विभागाची इमारत पहिल्यांदा चालली, तेव्हा प्रणोती चौगुले तिच्या दुसऱ्या मजल्यावर डबा खात होती.

प्रणोती एम.टेक.च्या शेवटच्या सत्राला होती. तिचा प्रकल्प म्हणजे गुडघ्याएवढी एक ट्रॉली. कुणी न ढकलता, वाटेतली टेबलं-खुर्च्या चुकवत ट्रॉलीने प्रयोगशाळेच्या दारापासून पश्चिमेच्या खिडकीपर्यंत जायचं होतं. वर्षभरात ती एकदाही हलली नव्हती. त्या गुरुवारी दुपारी प्रणोतीने प्रोग्राम पुन्हा एकदा चढवला, बटण दाबलं आणि डबा उघडला. ट्रॉली जागेवरच राहिली. इमारत मात्र पश्चिमेकडे निघाली आणि ऊन उतरलं तेव्हा मैदानाच्या टोकाला थांबली. तिची वीज छतावरच्या सौर पॅनेलमधून यायची, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

तिचे मार्गदर्शक मुजावर सर जिना चढून वर आले.

"हललं का?"

"हललं, सर."

"ट्रॉली तर इथंच आहे."

"ट्रॉली नाही हलली. इमारत हलली."

सरांनी खिडकीतून वाकून मागे राहिलेला पाया पाहिला. "अडथळे चुकवले?"

"गुलमोहर चुकवला. प्राचार्यांची गाडी पण."

"मग ठीक आहे. उद्या तोंडी परीक्षेत हेच दाखव. आणि अहवालात जिथं जिथं 'ट्रॉली' आहे, तिथं 'इमारत' कर."

परीक्षेला नागपूरहून डॉ. बोकारे यायच्या होत्या. बाई कडक होत्या. मागच्या वर्षी एका मुलाचा रोबो त्यांना पाहून नमस्कार करता झाला, तर त्यांनी मुलाला नापास केलं. अहवालात नमस्काराचा उल्लेख नव्हता. प्रणोतीला पुण्याजवळ नोकरी लागली होती, पण पदवी हातात असेल तरच. आणि तिच्या वडिलांनी, महादेव चौगुल्यांनी, भावकीत आधीच सांगून ठेवलं होतं की आपली पोरगी ड्रायव्हरशिवाय जाणारी गाडी करणार हाय. ते स्वतः गुळाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बापलेकीने बाईंना कोल्हापूर स्टेशनवरून टेम्पोत घेतलं आणि कॉलेजवर आणलं. मैदानाच्या टोकाला काहीच नव्हतं. इतक्यात मुजावर सरांचा फोन आला.

"आम्ही गगनबावडा रस्त्याला लागलोय. ऊन पडलं तशी निघाली. मी आतच आहे, घाबरू नको. मॅडमना घेऊन मागून या."

प्रणोतीने बाईंना परिस्थिती सांगितली. बाईंनी चष्मा पुसला.

"तोंडी परीक्षा विभागातच घ्यावी, असा नियम आहे."

"विभाग पुढं गेलाय, मॅडम."

"मग आपणही पुढं जाऊ. विभाग कुठं असावा, हे नियमात दिलेलं नाही."

टेम्पोच्या केबिनमध्ये तिघं बसले. मागच्या ढेपांचा वास येत होता. उसाच्या फडांजवळ लोक रस्त्याकडेला उभे होते. महादेवरावांनी गाडी हळू करून एकाला विचारलं, "पाव्हणं, एक इमारत गेली का हिकडनं?"

"गेली की. दुमजली. लई सभ्य हाय. म्हशी जाईस्तोवर थांबली."

पुढे नाक्यावर हवालदाराने हात केला. इमारत त्याने अडवली होती, असं तो म्हणाला. नंबरप्लेट नव्हती. पण आतल्या साहेबांनी खिडकीतून जमिनीचा गट नंबर सांगितला, म्हणून सोडली. "नंबर असला म्हंजे झालं," हवालदार म्हणाला. "आमचं काय वैर हाय का इमारतीशी?"

नाका मागे पडला. मग महादेवरावांनी आरशात बघत विचारलं, "बाई, पोरगी पास व्हईल न्हवं?"

"इमारत पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही."

"बराबर हाय."

गगनबावड्याला धुकं होतं. उन्हाअभावी इमारत मंदावली होती आणि घाटाच्या तोंडाशी एखाद्या थकलेल्या पाहुण्यासारखी रस्त्याच्या कडेने रेंगाळत होती. महादेवरावांनी टेम्पो बाजूला लावला, सीटखालचा पाना सवयीने खिशात टाकला, आणि तिघंही चालत्या इमारतीच्या पायऱ्या चढले. मुजावर सरांनी सगळ्यांना चहा दिला. परीक्षा सुरू झाली.

"प्रणालीचं ध्येय काय?" बाईंनी विचारलं.

"पश्चिमेच्या खिडकीपर्यंत पोचणं."

"खिडकी इमारतीलाच आहे. ती बरोबरच पुढं जाणार. मग पोचणार कधी?"

"पोचणार नाही, मॅडम. म्हणून थांबत नाही."

"अहवालात आहे हे?"

"परिशिष्टात आहे."

बाईंनी परिशिष्ट पाहिलं आणि मान हलवली. प्रणोतीला हसू येत होतं. तिने ते चहाबरोबर गिळलं.

तेवढ्यात धुकं फाटलं. लख्ख ऊन पॅनेलवर पडलं आणि इमारतीने वेग घेतला. पहिलं वळण समोर आलं. खिडकीत नुसती दरी दिसत होती, तळाशी हिरवं कोकण. महादेवरावांनी हा घाट आयुष्यभर गूळ घेऊन उतरला होता. त्यांनी कप खाली ठेवला, पाना काढला आणि बघता बघता चौकटीसकट खिडकी भिंतीतून सोडवून छातीशी धरली. ते उजवीकडे वळले. खिडकीमागोमाग इमारतही उजवीकडे वळली. ते डावीकडे वळले, इमारत डावीकडे. दोन वळणं त्यांनी सफाईने काढली.

"हलकी हाय चालवायला," ते म्हणाले. "पॉवर स्टिअरिंग दिसतंय."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"चौगुले, आता ही प्रणाली स्वायत्त राहिली नाही. हिला ड्रायव्हर आहे."

मुजावर सर कपात बघू लागले. प्रणोती वडिलांपाशी गेली.

"आण्णा, खिडकी परत लावा."

"म्होरं कसलं वळाण हाय ते ठावं हाय का तुला? भलं भलं ट्रक गेल्यात खाली."

"माहीत आहे. तरी लावा."

"तू हायस आत. बाई हायती. मास्तर हायती."

"तुम्ही पण आहात. म्हणूनच सांगते. वळणं तिला कळतात, आण्णा. म्हशी कळल्या, तसं वळण पण कळेल. मी लिहिलंय ते."

महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग दरीकडे पाहिलं. भावकीत काय सांगितलं होतं तेही त्यांना आठवलं असावं. ते गुडघ्यावर बसले आणि खिडकी जागेवर लावून एकेक बोल्ट आवळू लागले. शेवटचा बोल्ट बसला तेव्हा वळण अगदी पुढ्यात होतं. त्यांनी पाना खिशात घातला आणि हात मागे बांधले. आयुष्यात पहिल्यांदा ते उतारावर नुसते उभे होते.

इमारत सरळ कठड्यापर्यंत गेली. खिडकीतून घारी खाली उडताना दिसल्या. बाईंचा कप टेबलावरून घरंगळत मुजावर सरांच्या हातात आला. मग डाव्या बाजूच्या खोल्यांतल्या ट्यूबलाइट उघडझाप करू लागल्या, आणि इमारत शांतपणे, रस्त्याची कड न सोडता डावीकडे वळली.

"इंडिकेटर दिला," महादेवराव हळूच म्हणाले. "म्या कवा शिकिवलं न्हाई तिला."

प्रणोती हसली ती हसतच राहिली. तिला थांबवता येईना, आणि मुजावर सरांनाही येईना. बाईंनी दोघांचं हसणं संपू दिलं.

"एकच प्रश्न राहिला," त्या म्हणाल्या. "वळणावर ट्यूबलाइट लागतील, हे अहवालात आहे?"

"आहे, मॅडम. पान उलटा."

बाईंनी पान उलटलं, बोट फिरवत वाचलं आणि सही केली. "उत्तीर्ण," त्या म्हणाल्या. "संध्याकाळची गाडी मी आता वैभववाडीहूनच पकडते."

महादेवरावांनी डोळे पुसले आणि खिडकीतून बाहेर वाकून वाट कशी आहे ते पाहिलं.

"जरा कडंला घ्यावं लागतंय," ते म्हणाले. "खालनं शाळा येतीया."

कोकणाकडून एक कौलारू शाळा दमाने घाट चढत येत होती. एकच खोली, दारात घंटा. इमारतीने ट्यूबलाइट लावल्या, डोंगराला टेकून उभी राहिली आणि चढणाऱ्याला वाट दिली. शाळा अगदी जवळून गेली. आत शाळेच्या बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि पोरं एका सुरात तेराचा पाढा म्हणत होती. तेर साती एक्याण्णवपाशी सगळी अडली. डॉ. बोकारेंनी खिडकीतून पुढचा आकडा सांगितला आणि शाळा वर निघून गेली.