टकर्स फोर्डची तीनची माघार

इतिहासाला कलाटणी मिळायला दोन गोष्टी लागतात: एक शूर सेनापती आणि भरपूर पार्किंग. टेनेसीतल्या टकर्स फोर्ड गावाकडे दोन्ही असल्यामुळे अमेरिकन यादवी युद्धातली तिथली निर्णायक लढाई हौशी मंडळी दर ऑक्टोबरात पोशाख चढवून पुन्हा लढतात. दक्षिणेचं सैन्य तीनच्या ठोक्याला माघार घेतं, उत्तर जिंकते आणि देश एकसंध राहतो. (लढाई मुळात कशावरून जुंपली ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. ती जागा प्रायोजकांना लागते.)

माघारीचा हुकूम देण्याचा मान ऑर्विल पेटिग्रूंचा, कारण मूळ हुकूम त्यांच्या खापरपणजोबांचा. एरवी ऑर्विल नळाचं सामान विकतात. त्यांनी भाव जरा कमी केला की गिऱ्हाइकं म्हणत, "बघा, पेटिग्रू हटले!" हे त्यांच्या फार जिव्हारी लागायचं. यंदा तर दक्षिणेच्या करड्या लष्करी कोटाची बटणं लावताना बायकोच म्हणाली, "लवकर पळून या हो, जेवण गार होतं."

तीन वाजले. ऑर्विल जागचे हलले नाहीत.

उत्तरेचे सेनापती, म्हणजे ओहायोचे दंतवैद्य डॉ. क्रूस, तलवार उपसून ताटकळले. "अहो पेटिग्रू, पळा की आता!"

"यंदा तुम्ही पळा."

"आम्ही? आम्ही जिंकलोय हो! पाठ्यपुस्तकात आहे!"

"मग पाठ्यपुस्तकाला पाठवा लढायला."

पुन्हा गोळीबार झाला. मेलं कोणीच नाही. एवढ्या लांबून गाडी हाकत आलेला माणूस जेवणाआधी मरत नाही. शेवटी उत्तरेचं सैन्य भुकेनं कावून भाजलेल्या बरगड्यांच्या टपरीकडे वळलं आणि दक्षिण जिंकली. टोप्या उडाल्या. ऑर्विल ढसाढसा रडले, प्रेक्षकही रडले.

टपरी मिस ओडेसा गेन्स यांची. त्यांचे पूर्वज पेटिग्रूंच्याच मळ्यावर गुलाम होते. चिमट्यानं बरगड्या उलटत म्हातारीनं विचारलं, "जिंकलास म्हणे, ऑर्विल?"

"जिंकलो, मिस ओडेसा!"

"छान झालं. मग या बरगड्यांचे पैसे घेऊ, की आजपासून मी परत तुमच्याच मालकीची?"

ऑर्विल कानापर्यंत लाल झाले. ते वळले, मैदानात परत गेले आणि टोपी हातात धरून एकटेच या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले. आपण का हरायला हवं होतं हे कळून पळालेला पेटिग्रू घराण्यातला हा पहिलाच पुरुष.

टाळी एकही पडली नाही. समितीनं शेरा मारला: माघारीस विलंब, प्रेक्षक नाराज.

या प्रेक्षकांना तुम्ही खुशाल नावं ठेवा. फक्त मघाशी तीन वाजता, "हटू नका, ऑर्विल!" असं मनातल्या मनात कोण ओरडलं, तेवढं आठवून पाहा.