मकावला मला कोण ओळखत नाही?

मकाव म्हणजे आपलं घर! डोळ्यांवर पट्टी बांधून सोडा, जुगाराच्या टेबलापर्यंत नीट चालत जाईन! तरुणपणी दर शनिवारी हाँगकाँगहून बोट पकडायचो. मी, म्हणजे हा मोक चुन-फाई, जुगाराच्या हॉलमध्ये शिरलो की लोक उठून खुर्ची द्यायचे. चहा यायचा. मी पैसे लावेपर्यंत टेबलावर कुणी हात हलवायचं नाही! असा मान गव्हर्नरालासुद्धा नसेल.

जिंकायचो का? हा असला प्रश्न फक्त आमची यी-लान विचारते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण मोठेपणा कशाला म्हणतात ते बाईला कळलेलं नाही. लग्न झाल्याझाल्या तिनेच माझं मकाव बंद केलं.

निवृत्त झालो आणि मी हट्टच धरला. हाँगकाँगचं खुराडं विकू, मकावला राहू! उतारवयात माणसाने चार लोक विचारतील अशा गावी राहावं. महिनाभर तिने ऐकून घेतलं. मग एका सकाळी भाताची पेज ढवळता ढवळता म्हणाली, "चल. तिथे एका माणसाने जरी तुला ओळखलं, तर घर विकू. नाही ओळखलं, तर मकावचं नाव मरेपर्यंत काढायचं नाही. कबूल?"

"कबूल! एक काय, शंभर ओळखतील!"

मकावला उतरलो आणि पाहतो तर काय, समुद्र होता तिथे हॉटेलं! समुद्र कुठे गेला कुणास ठाऊक.

"रस्ता विचारू का कुणाला?" यी-लान म्हणाली.

"स्वतःच्या गावात रस्ता विचारायचा? अब्रू आहे की नाही?"

तासाभरात आम्ही तिसऱ्यांदा त्याच बदामाच्या बिस्किटांच्या दुकानासमोर आलो. दुकानदारीण हसून म्हणाली, "या, परत आलात!"

"ही ओळख धरायची का?" बायकोने विचारलं.

शेवटी हॉल सापडला. यी-लान सरळ मोठ्या दाराकडे निघाली. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. "वेडी आहेस का! ते दार म्हणजे वाघाचा जबडा. त्यातून आत गेलं की नशीब गिळलंच म्हणून समज. जाणकार बाजूच्या दाराने जातात!"

बाजूच्या दाराने गेलो आणि थेट मुदपाकखान्यात पोचलो. हातात भला मोठा मासा धरलेला एक आचारी ओरडला, "आजोबा, भांडी घासायची भरती उद्या आहे!"

"केवढा हा मान!" यी-लान म्हणाली.

हॉलमध्ये तर अजूनच वाईट. कुणी उठलं नाही, कुणी पाहिलं नाही. गणवेशातली एक पोरगी मात्र धावत आली. म्हटलं, आली खुर्ची! तर म्हणते, "आजोबा, औषधाची वेळ झाली असेल तर गरम पाणी तिकडे आहे." बायकोने पर्स उचलली. "झालं समाधान? चल घरी."

तेवढ्यात मागून आरोळी आली, "फाईदादा! अरे, फाईदादा आले रे!"

सेक! पूर्वी हॉलबाहेर शेवया विकायचा तो! माझ्याकडून त्याने एकदाही पैसे घेतले नव्हते. आता तोंडात दात उरला नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं. त्याने हाकाटी केली तसे पाचसहा म्हातारे काठ्या टेकत गोळा झाले. खुर्ची आली. चहा आला. मी बायकोकडे असं पाहिलं की बस्स!

खेळ सोपा. शेठ आणि पाहुणा, दोनच बाजू. ज्याच्या पानांची बेरीज नवाच्या जवळ, तो जिंकला. मी ऐटीत शेठवर पैसे लावले. सगळे श्वास रोखून थांबले होते. माझा हात खाली येताच सगळ्यांनी पाहुण्यावर लावले! पाहुणा जिंकला. मी पाहुण्यावर लावले, ते शेठवर. शेठ जिंकला! तिसऱ्या डावाला म्हातारे काठ्या टाकून नाचायला लागले.

यी-लान सेकला म्हणाली, "दादा, हे तुम्ही पूर्वीपासून असंच करता?"

"तर काय वहिनी! ज्याच्यावर नशीब रुसलंय त्याच्या उलट लावायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण फाईदादांइतका भरवशाचा माणूस पुन्हा झाला नाही! यांचं लग्न झालं आणि आमची सगळ्यांची वाट लागली. मला शेवयांची दुसरी गाडी मोडावी लागली!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अडतीस वर्षं छाती फुगवून सांगितलेला तो मान! मी कसाबसा उठलो. "चल, घरी जाऊ. मकावचं नाव पुन्हा काढणार नाही."

"का बरं?" यी-लान म्हणाली. "ओळखलं की त्यांनी! शब्द म्हणजे शब्द." आणि सेककडे वळून, "दादा, इथे जवळपास दोन खोल्या मिळतील का हो?"

तर सध्या आम्ही मकावला राहतो. बायको इतकी प्रेमाने वागते की लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातही वागली नव्हती. रोज हॉलमध्ये शेजारी बसते आणि लाडाने विचारते, "आज कुणीकडे लावावंसं वाटतंय रे?" मी सांगतो. ती उलट बाजूला लावते.

काल मी मुद्दाम मनात होतं त्याच्या उलट सांगितलं. तरी तीच जिंकली!