काटे बसवायचं शिबिर

एका जंगलात, बाळांनो, साळिंदरांची एक फार भाविक वस्ती होती. साळिंदर म्हणजे अंगभर काटे असलेला तो. हो, तोच. हसायचं काम नाही. दर रविवारी सगळी वस्ती वडाखाली उपासनेला जमायची आणि पाळकसाहेब शमुवेल साळिंदर वचन सांगायचे.

आता साळिंदराची एक पंचाईत असते. बिबट्या दिसला की त्याचे काटे उभे राहतात, आणि मन कुणावर जडलं तरी उभे राहतात. वर खुळखुळ वाजतात. म्हणजे लपवायची सोयच नाही. तरण्या नराचे काटे मादीला पाहून वाजले की आयाबाया गालात हसायच्या आणि लग्नाची बोलणी सुरू करायच्या.

मार्थाबाईंच्या नथनेलचे काटे वाजले ते भर उपासनेत, आणि एनोखला पाहून. एनोख गायनमंडळीत खालच्या सुरात गायचा आणि चांगला दणकट नर होता. पहिल्या कडव्याला नथनेलने काटे कसेबसे दाबले. दुसऱ्या कडव्याला एनोखचेच वाजायला लागले. मग दोघांनी मिळून त्या गाण्याचा पार विचका केला.

मार्थाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पोराला दृष्ट लागली म्हणावं, तर तसलं बोलायची भाविक घरात चोरी. पाळकसाहेबांनी त्यांना धीर दिला. असल्या पोरांसाठी त्यांचं चाळीस दिवसांचं शिबिर होतं आणि गुण हमखास येत होता. मार्थाबाई लेकाला एवढंच म्हणाल्या, "बरा झालास तरच घरी ये."

नथनेलला आईशिवाय कुणी नव्हतं. तो निमूट गेला.

आता शिबिराची अक्कल ऐका. आसपासच्या टेकड्यांवरून असले सात नर गोळा केले आणि एकाच बिळात कोंबले. तोवर बहुतेकांना वाटत होतं, अख्ख्या जंगलात असा आपण एकटाच. आत शिरल्या शिरल्या असा काही खुळखुळाट झाला की पाळकसाहेब स्वागताचं भाषण विसरले. एनोखलाही त्याच्या बापाने तिथेच आणून टाकलं होतं. अंगात मर्दपणा यावा म्हणून सकाळभर सातही जणांना चिखलात एकमेकांशी कुस्ती खेळायला लावायचे. काय डोकं म्हणायचं! दुपारी वचनं पाठ करायची. आणि संध्याकाळी खरा इलाज, बाभळीचा डिंक. डिंक फासून एकेक काटा पाठीशी चापून बसवायचा. काटे वाजायचे थांबले की पोरगा बरा.

एकदा पाळकसाहेब स्वतः नथनेलला डिंक लावत होते. नथनेलने विचारलं, "साहेब, हा किती दिवस लावायचा?"

पाळकसाहेबांनी पुढचा काटा चापून बसवला.

"मी वीस वर्षं लावतोय," ते म्हणाले. "हात पोचत नाही तिथे आमच्या सौभाग्यवती लावून देतात."

नथनेलला त्यांची फार दया आली आणि स्वतःबद्दल भीती वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने एनोखला ओढ्यावर गाठलं. डिंक धुऊन टाकू, पलीकडे निघून जाऊ, असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं. एनोख नुसता रडला. बापाला तोंड कसं दाखवू, म्हणाला. त्या दिवसापासून तो डिंकाचे दोन दोन थर लावून घ्यायला लागला.

चाळिसाव्या दिवशी साक्षीची उपासना. बरं झालेल्याने मंडळीपुढे उभं राहून तसं सांगायचं, अशी तिथली रीत. सहा जणांनी सांगितलं. त्यात एनोख होता, आणि तिथल्या तिथे त्याचं वस्तीतल्या रूथशी लग्न ठरलं. रूथला कुणी विचारलं नाही, तेवढा वेळ कुणाला होता? सगळे हालेलुया म्हणाले.

नथनेल उठला तो पाठ स्वच्छ धुऊन. एनोखकडे नजर गेली आणि काटे खुळखुळले. त्याने ते दाबले नाहीत.

"आई, मी असाच आहे," तो म्हणाला. "घरी येऊ का?"

मार्थाबाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं. पोराकडे काही पाहिलं नाही. नथनेल एकटाच ओढा ओलांडून गेला.

एनोखच्या लग्नाच्या दिवशी भर दुपारी बिबट्या आला. आधी तो पलीकडे जाऊन नथनेलचे तीन काटे पंजात घेऊन लंगडत परतला होता, त्यामुळे भुकेला होता. वऱ्हाडातल्या सगळ्यांनी काटे फुलवले. नवऱ्या मुलानेही जिवाच्या आकांताने जोर लावला. पण डिंक अस्सल होता आणि थर दोन होते. बिबट्याने त्याला सोललेल्या केळ्यासारखं उचलून नेलं.

शोकसभेत पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "आपला एनोख गेला, पण बरा होऊन गेला." एनोखच्या बापाने डोळे पुसले आणि मान ताठ केली.

मग सगळी वस्ती सांत्वनाला उठली आणि मार्थाबाईंच्या घरी गेली. त्यांचा मुलगा अजून जिवंत होता, आणि तसाच होता.

तात्पर्य : बाळांनो, काटे नेहमी चापूनचोपून बसवावेत. बिबट्याच्या घशात अडकत नाहीत, आणि चारचौघांत घराण्याचं नावही राहतं.