चौथीच्या वर्गाला तांडेल

"यंदा माझ्या वर्गात माशीसुद्धा परवानगी मागून शिंकेल!"

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी कमलाकांत गुरुजींनी दांडी गावच्या भर नाक्यावर असं जाहीर केलं. ऐकणारे हसले नाहीत. त्यांना गुरुजींची कीवच आली. गुरुजींच्या चौथीच्या वर्गाला मासळीबाजार म्हटलं असतं, तर बाजारातल्या बायका भांडायला आल्या असत्या. बाजारात निदान भाव तरी ऐकू येतो!

पण त्र्याऐंशी सालचा तो जून हसण्यावारी नेण्याचा नव्हता. हेडमास्तरांनी गुरुजींना स्पष्ट बजावलं होतं, "महिनाअखेर तपासणीला साहेब येतायत. वर्ग असाच दिसला तर तुमची बदली थेट जव्हारच्या डोंगरात. मग माझ्याकडे रडत येऊ नका!"

गुरुजींची बायको वत्सला गेलं वर्षभर अंथरुणाला खिळलेली. गुरुजी शाळेत असताना तिला उठवणं, बसवणं, भरवणं सगळं शेजारची येसूबाई करायची, सख्ख्या बहिणीसारखं. डोंगरात दुसरी येसूबाई कुठून आणायची? आणि वत्सलेला इथे टाकून जायचं तरी कसं? या विचाराने त्यांना रात्र रात्र झोप लागत नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर नियम लिहिले. दुपारपर्यंत नियमांना मिशा फुटल्या. दुसऱ्या दिवशी छडी आणली. मधल्या सुट्टीत तिची विटी झाली. मग प्रेमाने समजावून पाहिलं. ते तर विचारूच नका!

शेवटी येसूबाईच म्हणाली, "गुर्जी, कशाला उगा घसा फोडता? ही पोरां बोटवाल्यांची हायेत. दर्यात गेल्यावर तांडेल सांगल तसाच बोट चालते, खलाशी त्याच्या शब्दाबाहेर जात नाय. तुमीपन एक तांडेल नेमा!"

बुडत्याला काडीचा आधार! गुरुजींनी वर्गाची बोट केली. शकू ही खऱ्या तांडेलाची लेक, म्हणून तिला वर्गाची तांडेल केलं. बाकीचे खलाशी. शकूने "जाळा परला!", म्हणजे जाळं पाण्यात पडलं, असं म्हटलं की सगळे चिडीचूप. "जाळा वर!" म्हटलं की उत्तरं द्यायची.

आणि काय सांगू, चमत्कार झाला! पोरं अशी गप्प बसली की हेडमास्तर शाळा सुटली समजून छत्री घेऊन बाहेर आले. गुरुजींना खोकला आला तरी ते व्हरांड्यात जाऊन खोकू लागले. शकू डोळे वटारायची ना!

साहेब आले. शकू म्हणाली, "जाळा परला!" टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. साहेबांनी पाढा विचारला. "जाळा वर! जानू, बोल." जानूने तेराचा पाढा धडाधडा म्हटला. "जाळा परला!" पुन्हा शांतता. साहेबांचे डोळे पाणावले.

"गुरुजी, असा वर्ग मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिला नाही! जव्हारच्या डोंगरात एक शाळा आहे, तिथे एकही मास्तर टिकत नाही. तिथे तुमच्यासारखाच माणूस हवा. आजच शिफारस करतो!"

गुरुजींच्या पायाखालची जमीन सरकली. "साहेब, ही शिस्त माझी नाही हो! मला काहीसुद्धा जमत नाही!"

"काय हा विनय!" साहेब हेडमास्तरांकडे वळले.

आता लाज बाळगून चालणार नव्हतं. गुरुजी टेबलावर थाप मारून ओरडले, "पोरांनो, गोंधळ करा! दंगा करा! अरे, ओरडा की मेल्यांनो!"

एक पोर हललं नाही. सगळ्यांच्या नजरा शकूवर.

"शकू, बाई, तू तरी सांग त्यांना!" गुरुजींनी चक्क हात जोडले.

शकू हाताची घडी घालून म्हणाली, "गुर्जी, तुमी मालक हाव. मालक बंदरावर रेतो. बोटीवर तांडेलाचा चालते. जाळा पान्यात हाय, गप रेवा."

गुरुजी गप्प राहिले. दुसरं काय करणार?

"बघितलंत?" साहेब हेडमास्तरांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "खुद्द गुरुजी दंगा करा म्हणतायत, तरी पोरं शिस्त मोडत नाहीत! याला म्हणतात वळण!" हेडमास्तरांनी मान डोलावली. हा गुरुजी आपल्या शाळेतून जाणार, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. येसूबाई वत्सलेला पेज भरवत होती. गुरुजींनी उंबऱ्यात बसूनच सगळं सांगितलं. येसूबाईच्या हातातला चमचा थांबला. "माजीच जीभ झरो," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून मागच्या दाराने निघून गेली.

मग गुरुजींनी उसनं अवसान आणलं. "उद्या पालघरला जातो. साहेबांपुढे उभा राहतो. ठणकावून सांगतो, मी जाणार नाही म्हणजे नाही!"

वत्सलेने भिंतीकडे तोंड केलं.

"जा," ती हळूच म्हणाली. "पण शकूला बरोबर न्या. तुमचं कोण ऐकणार?"